रानडुकरे, कायदा आणि आपली नोकरी

कामगारांच्या मासिकात रानडुकराचे काय काम, असे काही बंधू विचारतील. त्यांनी आपल्या गँगमध्ये, आपल्या पोस्टात एवढेच विचारून पाहावे की गावाकडे जमीन कोणाकोणाची आहे, आणि किती हात वर होतात ते मोजावे. ट्रॅकमन, कीमन, गेटमन, पॉइंट्समन, पोस्टमन यांतली कितीतरी मंडळी दोन-चार एकर कोरडवाहू मागे ठेवून नोकरीला आलेली आहेत. शेत कसतात म्हातारे आईबाप आणि घरची बाई. बियाण्याचे आणि खताचे पैसे जातात पगारातून. ग्रामीण डाकसेवकाचे तर बोलायलाच नको. सरकार त्याला दिवसाच्या चार-पाच तासांचा भत्ता देते आणि उपजीविकेचे दुसरे साधन त्याच्याकडे असले पाहिजे अशी अटही घालते. खेड्यात ते दुसरे साधन म्हणजे शेतीच. त्या शेतात एका रात्री डुकरांचा कळप शिरला की सकाळी भुईमुगाच्या जागी नांगरटी केल्यासारखी माती उरते. विदर्भात रोही हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतो. कोकणात माकडे नारळ पाडतात आणि गवे भातात बसतात.

मग जागल आली. रात्रभर मचाणावर बसायचे, डबे वाजवायचे, बॅटरी फिरवायची. बाप थकला की मुलगा रजा टाकून गावी जातो. हंगामात "घरगुती काम" म्हणून जे रजेचे अर्ज येतात त्यांतले बरेचसे या कामाचे असतात, हे आमच्या शाखांना चांगले ठाऊक आहे. सुपरवायझरला ठाऊक नसते, किंवा असूनही तो रजा देत नाही.

या विषयावर चहाच्या टपरीवर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, जमीन माझी, पीक माझे, डुक्कर मारले तर कोण विचारतो? दुसरा म्हणतो, छे छे, रानातल्या प्राण्याला हात लावला की सरळ जेल. दोघांचेही अर्धे खरे आहे आणि अर्ध्या खऱ्यावर चालणारा माणूसच जास्त अडकतो. म्हणून वकील मंडळींना विचारून, कायदा उलगडून, आम्हाला जे समजले ते येथे मांडतो. आम्ही काही कायदेपंडित नाही, पण चार्जशीटला उत्तरे लिहून लिहून कलमे वाचायची सवय मात्र झाली आहे.

पूर्वी शिकारीचे नियम प्रांतोप्रांतीचे होते. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, त्यात परवाने मिळत. १९७२ मध्ये संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा केला, त्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होतेच. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने संपले. मधल्या काळात, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वन्य प्राणी आणि पक्षी हा विषय समवर्ती सूचीत गेला. याचा अर्थ असा की राज्याच्या विधानसभेला केंद्राच्या कायद्याविरुद्ध काही करायचे तर राष्ट्रपतींची संमती लागते. निवडणुकीच्या सभेत कोणी पुढारी "मी आलो की डुकरे मारायची मोकळीक देतो" असे म्हणाला तर त्याला हे आवर्जून विचारावे.

आता "जमीन माझी" या गोष्टीकडे येऊ. सातबारा तुमच्या नावावर असला तरी त्यावर आलेला रानटी प्राणी तुमचा होत नाही. कायद्याने परवानगी घेऊन मारलेला प्राणीसुद्धा कलम ३९ प्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता असतो. म्हणजे परवानगी मिळाली, डुक्कर पडले, तरी ते घरी नेऊन शिजवता येत नाही. कित्येक माणसे इथेच फसतात. परवानगीचा कागद खिशात असतो, आणि गुन्हा मटणाचा लागतो.

शिकार या शब्दाचा अर्थही कायद्यात फार रुंद केलेला आहे. गोळी घालणे म्हणजेच शिकार असे नाही. विष घालणे, फास लावणे, सापळा लावणे, आमिष ठेवणे, शिकारीसाठी हाका घालणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीत मोडते. डुक्कर तारेत अडकून तसेच पळून गेले तरी तार लावणारा सुटत नाही.

२०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी सहा अनुसूची होत्या, आता चार आहेत. त्यांपैकी प्राण्यांच्या शिकारीपुरत्या आपल्या कामाच्या पहिल्या दोन. वाघ, बिबट्या, हत्ती, अस्वल, गवा, काळवीट हे पहिल्या अनुसूचीत. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, हे दुसरीत. हा फरक पाठ करून ठेवावा, कारण सगळा खेळ त्यावर आहे.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबद्दल कलम ११ मध्ये म्हटले आहे की तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असेल, तरच राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी, कारणे देऊन, शिकारीचा हुकूम काढू शकतो. तोही पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे नेऊन सोडणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच ठार मारण्याचा. यात पिकाचा शब्द नाही. गव्याने भाताची धूळधाण केली म्हणून गवा मारायची परवानगी मागाल तर ती मिळणार नाही; तिथे फक्त भरपाई. सिंधुदुर्ग, कोल्हापूरकडच्या बंधूंनी यात वेळ घालवू नये, भरपाईच्या मागे लागावे.

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याला मात्र कायद्याने दार ठेवले आहे. तो माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक भागात त्या प्राण्याची किंवा कळपाची शिकार करायला लेखी परवानगी देऊ शकतो. आणि मालमत्ता म्हणजे काय, तर कोणत्याही जमिनीवरचे उभे पीकसुद्धा, असे कायद्याने स्पष्ट लिहिले आहे. "कोणत्याही जमिनीवरचे" हे शब्द आपल्या लोकांनी लक्षात ठेवावेत. रेल्वेची पडीक जमीन 'अधिक धान्य पिकवा' योजनेत आपल्या कर्मचाऱ्यांना लायसन्सवर कसायला दिली जाते. त्या पट्ट्यातले पीकसुद्धा पीकच. जमीन रेल्वेची म्हणून तुमचा अर्ज घेत नाही असे कोणी सांगितले तर त्याला कलम ११ दाखवावे. अर्थात रुळालगत बार काढण्याची परवानगी कोणी शहाणा अधिकारी देणार नाही, आणि देऊ नये.

आणखी एक बाब फार थोड्यांना माहीत असते. मुख्य वन्यजीव रक्षकाला आपले अधिकार राज्य सरकारच्या मंजुरीने खालच्या अधिकाऱ्याला देता येतात. फक्त पहिल्या अनुसूचीच्या प्राण्यांबाबतचा अधिकार देता येत नाही. म्हणजे डुकराच्या आणि रोह्याच्या परवानगीसाठी राजधानीतल्या साहेबाच्या सहीची वाट पाहण्याची कायद्याने सक्ती केलेली नाही. महाराष्ट्रात हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलेला आहे. दार आहे, कुलूपही उघडले आहे. पण आत बसलेला माणूस अर्ज घेतो की नाही, घेतला तर पोच देतो की नाही, आणि पोच दिली तरी पीक उभे असताना उत्तर देतो की पीक निघाल्यावर, हा खरा प्रश्न आहे. डुक्कर काही सरकारी सहा महिने थांबत नाही.

जिवावर बेतले तर काय? पावसाळ्यात रात्रीच्या पेट्रोलिंगवर एकटा निघालेला ट्रॅकमन, जंगलपट्टीत टपाल घेऊन जाणारा डाकसेवक, यांना अस्वल किंवा डुक्कर समोर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने त्यांनी त्याला मारले किंवा जखमी केले, तर तो गुन्हा नाही, असे त्याच कलम ११ मध्ये आहे. मात्र त्या वेळी तो माणूस स्वतः या कायद्याविरुद्ध काही करीत नसला पाहिजे. फास लावायला गेला आणि डुकराने अंगावर घेतले, मग मारले, असे सांगून सुटका नाही. असा प्रसंग आला तर लगेच स्टेशन मास्तरला किंवा आपल्या पोस्टमास्तरला आणि वनखात्याला कळवावे, आणि कळवल्याची नोंद करून घ्यावी. आपल्या माणसाची खोड अशी की तो घाबरतो आणि गप्प बसतो. चार दिवसांनी मेलेला प्राणी सापडतो, आणि मग सद्भावना सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

बरेच बंधू म्हणतात, या परवानग्या कशाला, डुकराला एकदाचे "उपद्रवी" जाहीर करून टाका. कायद्यात तशी सोय आहे. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी ठरावीक भागापुरता, ठरावीक मुदतीपुरता उपद्रवी ठरवू शकते. तेवढ्या काळात त्याला मारायला परवानगी लागत नाही. हे होऊनही गेले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर, २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात सिमला शहरासह काही भागांत माकडे उपद्रवी ठरवली गेली. सर्वोच्च न्यायालयात त्याविरुद्ध अर्ज झाले. जून २०१६ मध्ये न्यायालयाने स्थगिती द्यायला नकार दिला.

त्यातून निघाले काय? मोकामा आपल्या गाडीवाल्यांना चांगले माहीत आहे. गंगेकाठचा तो सगळा टाल डाळींच्या पिकाचा, आणि तिथले शेतकरी नीलगायीला घोडपरास म्हणतात. गाय म्हणून हात जोडायला ते तयार नव्हते. जून २०१६ मध्ये तिथे हैदराबादहून नेमबाज बोलावले गेले आणि थोड्या दिवसांत दोनशेच्या वर नीलगायी पाडल्या गेल्या. दिल्लीत एकाच मंत्रिमंडळातल्या मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांची उघड जुंपली. वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले. पण मोहीम संपली, नेमबाज गेले, आणि शेतकऱ्याच्या हातात काय राहिले? पुढच्या हंगामाला पुन्हा मोहिमेची वाट पाहणे. हिमाचलात तर निराळीच गत. मारायची मोकळीक मिळाली पण मारायला कोणी पुढे येईना. हनुमानाच्या देशात माकडावर बंदूक कोण रोखणार? सरकार ज्या कामाची जबाबदारी घेत नाही ते काम त्याने कागदावर शेतकऱ्याच्या गळ्यात टाकले, एवढाच त्याचा अर्थ.

(जाता जाता: उत्तरेकडचे हे लाल तोंडाचे माकड २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींतून बाहेर पडले आहे. पण आपल्या कोकणातले माकड ही निराळी जात, तिला ती सवलत नाही. सोशल मीडियावरचा निरोप वाचून कोणी बंदूक उचलू नये.)

आमचे मत असे की "उपद्रवी जाहीर करा" ही मागणी सभेत टाळ्या मिळवायला चांगली, पण तिच्या मागे चळवळीने शक्ती खर्च करू नये. ज्याच्याकडे बंदूक आहे, गाडी आहे, रात्रीची माणसे आहेत त्याचेच त्यात फावते. विधवा बाई तीन एकर तूर राखत बसली आहे, तिच्या हातात त्या जाहिरातीने काय पडते? शिवाय परवानगीचा कागद असला की कोणी मारले, किती मारले, कुठे पुरले याचा हिशेब राहतो. तो हिशेब सुटला की डुकराच्या नावावर काय काय मारले जाईल आणि कोणत्या शहरात त्याचे मटण विकले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

यापेक्षा केरळने काढलेली वाट आम्हाला जवळची वाटते. केंद्राकडे डुकराला उपद्रवी ठरवा म्हणून वारंवार मागणी करूनही मिळाले नाही, तेव्हा त्या राज्याने मे २०२२ मध्ये कायद्यात होते तेच वापरले. ग्रामपंचायतीचा अध्यक्ष, नगरपालिकेचा अध्यक्ष, महानगरपालिकेचा महापौर यांना मानद वन्यजीव रक्षक नेमले आणि पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराबाबत परवानगीचा अधिकार त्यांच्या हातात दिला. अटी कडक: बंदूक परवान्याचीच पाहिजे, विष नाही, स्फोटके नाहीत, विजेची तार नाही, माणसाला, गुराढोरांना इजा होता कामा नये, मेलेले डुक्कर पुरायचे आणि त्याची नोंद ठेवायची. बिहारनेही पुढे मुखियाला असा अधिकार दिला. पंचायतीच्या हातात अधिकार गेला की राजकारण होईल, आपल्या माणसाला परवानगी आणि दुसऱ्याला नन्नाचा पाढा, असे कोणी म्हणेल. होईल. पण सरपंचाला गावात तोंड दाखवावे लागते. केरळच्या विधानसभेने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये या कायद्याला राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयकही मंजूर केले. वर सांगितल्याप्रमाणे तिथे राष्ट्रपतींच्या संमतीचा प्रश्न येतोच.

परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाची, हा पुढचा अडसर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे कायद्याला शेतकऱ्याची बंदूक ठाऊक आहे. पण परवान्याचे नूतनीकरण करताना जे हेलपाटे पडतात त्याने माणूस बंदूकच जमा करून मोकळा होतो. त्यात निवडणूक लागली की आचारसंहितेच्या नावाखाली सरसकट बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. आमच्याकडे निवडणुका बारमाही; लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद, मग ग्रामपंचायत. दंगलखोराची बंदूक जमा करा, कोणी नको म्हटले? पण साठ वर्षांच्या म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक ऐन हरभऱ्याच्या वेळेला ठाण्यात पडून राहते आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो: तार.

कृषीपंपाच्या लाइनीवर आकडा टाकायचा आणि उघडी तार शेताभोवती फिरवायची, हा प्रकार गावोगाव चालतो. खर्च नाही, अर्ज नाही, साहेब नाही. आमच्या एका ट्रॅकमन बंधूच्या घरी हेच झाले. त्याने आधी रीतसर अर्ज केला होता. संबंधित कार्यालयाने अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही, आणि पुढे कोणी फिरकले नाही. तूर भरली तशी डुकरे रोज येऊ लागली. हा चार दिवसांची रजा घेऊन गावी गेला. भावाने तार लावली, याने नको म्हटले की नाही हे आता न्यायालयात ठरेल. रात्री एक डुक्कर मेले. सकाळी वनखात्याची माणसे आली. सातबारा दोघांच्या नावावर, म्हणून दोघेही आत. जामिनाला तीन रात्री गेल्या.

त्या तीन रात्रींनी काय केले ते प्रत्येक रेल्वे आणि टपाल कर्मचाऱ्याने नीट समजून घ्यावे. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम ५ प्रमाणे कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला तर तो आपोआप निलंबित समजला जातो. साहेबाने मनात आणावे लागत नाही, त्याने तुमची बाजू ऐकावी लागत नाही. घड्याळच निलंबित करते. टपाल खात्यात १९६५ च्या नियमांतील नियम १० हेच सांगतो. डाकसेवकाला निलंबन नसते, त्याला कामावरून बाजूला ठेवतात, म्हणजे नाव वेगळे आणि हाल जास्त. निलंबनात अर्धपगारी रजेइतका निर्वाह भत्ता, आणि तोही दुसरीकडे काम करीत नाही असे दाखल्यावर लिहून दिल्यावर. आणि पुढे न्यायालयात दोष सिद्ध झाला तर रेल्वेच्या नियम १४ प्रमाणे रीतसर खातेचौकशी न करताच नोकरीवर गदा येऊ शकते. एका डुकरापायी पंचवीस वर्षांची सेवा.

त्या बंधूसाठी संघटना धावली. नव्वद दिवसांनी निलंबनाचा फेरविचार करावा लागतो, त्या वेळी लेखी निवेदन दिले, भेटी घेतल्या, निलंबन उठले. पण दूरच्या सेक्शनला पाठवले ते पाठवलेच, आणि खटला चालू आहे. त्याने केलेल्या त्या अर्जाची पोच हातात असती तर वकिलाला पुष्कळ बोलता आले असते. ती नाही.

आणि हे डुक्कर होते म्हणून एवढ्यावर थांबले. दुसऱ्या अनुसूचीच्या प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तार काही कोण आले ते विचारीत नाही. त्याच तारेला विदर्भात वाघ आणि बिबटे चिकटून मेलेले आहेत. पहिल्या अनुसूचीचा प्राणी मेला की शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते ती सात वर्षांपर्यंत, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. वीजचोरीचा गुन्हा निराळा. आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, गवताला आलेली बाई, शाळेचा पोर त्या तारेला लागला तर? अशा बातम्या दर हंगामात येतात. तिथे भारतीय न्याय संहितेचे मनुष्यहानीचे कलम लागते, आणि कलम लागो न लागो, ते घर कायमचे बसते. या बाबतीत संघटनेने आपल्या माणसाची बाजू जरूर घ्यावी, पण तारेची बाजू कधीही घेऊ नये. गावठी बॉम्बचे आणि विषाचेही तेच. जाता जाता हेही सांगतो की पेट्रोलिंगचे डिटोनेटर डुकरे पळवायला गावी नेणाऱ्याला आम्ही वाचवू शकत नाही. ते मोजून दिलेले असतात आणि ते गाडी थांबवण्यासाठी असतात.

तारेऐवजी काय, तर झटका मशीन. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान आहे. पण मशीन बाजारातून तयार घ्यावे. गावातल्या वायरमनकडून जोडून घेतलेले "झटका मशीन" म्हणजे पुन्हा तीच तार.

भरपाईबाबत दोन शब्द. सातबारा आजोबांच्या नावावर, वाटण्या तोंडी, चार भावांची संमती लागते आणि एक भाऊ सुरतेला, यात आपल्या लोकांची निम्मी प्रकरणे रुततात. बटाईदाराचे तर नावच कुठे नसते. पीक त्याचे गेले आणि पैसे आले तर मालकाला. पीक विम्यात रानटी प्राण्यांमुळे झालेले नुकसान खरीप २०२६ पासून धरले जाईल असे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. त्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विम्याच्या ॲपवर फोटोसह कळवण्याची अट आहे. आता घरी राहिले म्हातारे आईबाप आणि फोनवाला मुलगा इगतपुरीच्या घाटात ड्यूटीवर. ७२ तासांत कोण कळवणार? म्हणून तलाठ्याकडे किंवा गावच्या शाखा डाकघरात ही तक्रार नोंदवून घेण्याची सोय व्हावी अशी आमची सूचना आहे. आमचे डाकसेवक हे काम करतील, त्याचा मोबदला मात्र त्यांना मिळाला पाहिजे. फुकटची कामे त्यांच्या गळ्यात आधीच पुष्कळ आहेत.

बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, बेळगाव, आदिलाबादकडच्या मराठी बंधूंनी एक लक्षात ठेवावे. नोकरी कुठल्याही झोनमध्ये असो, जमीन ज्या राज्यात आहे त्या राज्याचा हुकूम लागू. भुसावळला ड्यूटी आणि बऱ्हाणपूरला शेत असेल तर परवानगी मध्य प्रदेशच्या वनखात्याची. महाराष्ट्राचा कागद तिथे चालत नाही.

येत्या शाखासभांत या विषयावर ठराव घ्यावा असे आम्ही सुचवतो. अर्जाची पोच जागेवर द्यावी, पीक उभे असतानाच लेखी उत्तर द्यावे आणि नकार दिला तर कारण लिहावे. पीक संरक्षणाची बंदूक निवडणुकीत सरसकट जमा करू नये, माणूस पाहून ठरवावे. भरपाई कसणाऱ्याच्या हातात पडावी. आणि हंगामात जागलीसाठी मागितलेली रजा नाकारताना सुपरवायझरने दहा वेळा विचार करावा. हा शेवटचा मुद्दा खात्याच्या नियमांत बसवणे कठीण आहे हे आम्ही जाणतो, तरी तो मांडावाच.

तोपर्यंत ज्यांचे अर्ज वनखात्याकडे पडून आहेत त्यांनी अर्जाची प्रत, दिल्याची तारीख आणि असल्यास पोच आपल्या शाखा सचिवाकडे आणून द्यावी. ज्यांनी पोच न घेता अर्ज दिला असेल त्यांनी तोच अर्ज पुन्हा स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.